सहा खुर्च्या आणि सात पंच

फणसुले ग्रामपंचायतीला सरकारने सहा खुर्च्या दिल्या आणि पंच होते सात. गोवा मुक्त होऊन दोन-अडीच वर्षे झाली होती. पंचायती नव्या, पंच नवे, शिक्केही नवे. कुठल्याशा कचेरीतल्या कुणा हुशार माणसाने ठरवून टाकले होते की पंचायत म्हणजे पाच पंच आणि एक तलाठी. फणसुल्याची वस्ती जरा जास्त म्हणून पंच सात, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. खुर्च्या मात्र पोचल्या. डिचोलीहून खाणीच्या रिकाम्या ट्रकवर उलट्यापालट्या पडून त्या आल्या, तेव्हा लाल धुळीने इतक्या माखल्या होत्या की त्यांचा मूळ रंग कोणता यावर गावात वाद झाला. एका बाईने त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतले आणि वाद मिटला. खुर्च्यांवरून झालेला आणि मिटलेला असा तो एकच वाद.

तोवर पंचायतीच्या बैठका सातेरीच्या देवळाच्या सोप्यावर भरत. सोपो म्हणजे भिंतीला धरून बांधलेला चिऱ्यांचा ओटा. तिथे कोणी कुठे बसायचे हे कुणी ठरवले नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते. खांबाला टेकून धाकू गावकर, कारण देवीसमोर गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्याच्या शेजारी सरपंच गोकुळदास शेट, कारण गावातले एकुलते एक दुकान त्याचे. अगदी टोकाला दाराशी सुमंगलाबाई. बायकांतून एक पंच घ्यायचा असा नियम निघाला म्हणून तिला घेतले होते, आणि टोकाला बसून ती बाकीच्या सहांपेक्षा जास्त बोलत असे. गावात खुर्ची म्हणाल तर एकच होती, पोर्तुगीज अमदानीतल्या गावकारभाऱ्याच्या, म्हणजे रेजिदोराच्या घरची, वेताची. लोक तिला कदेल म्हणत. तिच्यावर रेजिदोर बसायचा, आणि मुक्तीनंतर तो बाहेर पडेनासा झाल्यावर त्याचे मांजर.

या सगळ्याशी सगुण मास्तरांचा काडीचा संबंध नव्हता. मास्तर मूळचे पेडण्याकडचे. वर्षभरापूर्वी फणसुल्याच्या मराठी शाळेवर हंगामी म्हणून आले होते. त्यांना कायम व्हायचे होते आणि तेही इथेच. घरी सत्यवतीला सहावा महिना लागला होता, गावची सुईण आनंदी भिंतीपलीकडेच राहात होती, आणि ज्या मास्तरांवर शिक्षणखात्याच्या साहेबांचा शेरा बरा पडत नाही त्यांना वाळपईच्या पलीकडे पाठवतात, असा तालुक्यात बोलबाला होता. वाळपईच्या पलीकडे म्हणजे नेमके कुठे हे कुणी सांगत नसे. पावसाळ्यात तिथे होडीने जावे लागते आणि होडीवाला लहरी आहे, एवढेच सांगत.

"तुमी कायम व्हा नाय तर व्हव नकात," सत्यवतीने स्पष्ट सांगितले होते. "पण मी आनंदीमावशेक सोडून खंयच येवची नाय. माझा बाळातपण होडयेत व्हवचा नाय."

अशात खात्याचे पत्र आले. पंचायतीच्या नव्या वाचनालयाचे उद्घाटन करायला साहेब स्वतः येणार होते. त्या प्रसंगी स्थानिक शिक्षकाने लोकांच्या ज्ञानात भर पडेल असे अर्धा तास भाषण करावे आणि त्यावर साहेब शेरा लिहितील. साहेब पुण्याकडून गोव्यात आलेले, अंगात खादी, बोलण्यात सेवा आणि त्याग. अशा माणसापुढे काय बोलावे या विचाराने मास्तरांची झोप उडाली. डिचोलीतल्या एका वकिलाच्या घरी ज्ञानाचा मोठा कोश आहे असे ऐकून ते पायपीट करत तिथे गेले. कोश होता, पण बाकीचे खंड वाळवीने फस्त केले होते. शिल्लक फक्त 'ख'चा.

आता 'ख'मध्ये माणसाने बोलायचे तरी काय? खनिजावर बोलावे, तर पलीकडच्या खाणीचे मालक समारंभाला पुढच्याच रांगेत. खटल्यावर बोलावे, तर निम्मे गाव कुळाच्या जमिनीवरून उरलेल्या निम्म्याशी कोर्टात. खंडणी नको, खून तर नकोच. खेकड्यावर पाच पाने होती, पण खेकड्याबद्दल फणसुल्याच्या लोकांना कोशापेक्षा जास्त माहिती. पाने उलटता उलटता मास्तरांना 'खुर्ची' सापडली, आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खुर्चीसारखा निरुपद्रवी विषय साऱ्या कोशात दुसरा नव्हता. बिचारीला चार पाय, पण कुणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही.

मास्तरांनी भाषण लिहिले, पाठ केले, सत्यवतीला दोनदा म्हणून दाखवले. दुसऱ्या वेळी ती झोपली, तेव्हा भाषणात वावगे काही नाही अशी त्यांची खात्री पटली. पण गोकुळदास शेटला स्वस्थता नव्हती.

"मास्तरांनू, साहेबासमोर काय बोलतल्यात ता आधी आमकां सांगा," तो म्हणाला. "नायतर थंय तुमी कायतरी इंग्लिश-बिंग्लिश बोलशात, आणि आमी मान हालवची काय नाय ता समजाचा नाय."

म्हणून समारंभाच्या तीन दिवस आधी सोप्यावर भाषणाची तालीम झाली. सातही पंच आपापल्या जागी बसले होते. खाली अंगणात नव्या सहा खुर्च्या धुऊन वाळत ठेवल्या होत्या.

"पाच हजार वर्षांमागे मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, खुर्ची होती," मास्तरांनी सुरुवात केली. "पण ती कोणाची? राजाची आणि देवाची! तिचे पाय सिंहाच्या पंजासारखे नाहीतर बैलाच्या खुरांसारखे कोरलेले असत. साधा माणूस बसायचा तो जमिनीवर, तिवईवर, नाहीतर पेटीवर."

"फोर्मानची?" बाबलीने विचारले. बाबली पंचांत सगळ्यात तरुण, खाणीवर ट्रक चालवायचा, आणि त्याला प्रत्येक गोष्ट फोर्मानने, म्हणजे खाणीवरच्या मुकादमाने, केली की मालकाने हे आधी समजून घ्यायचे असे.

"कसलीही पेटी. पुढे युरोपातही शेकडो वर्षं तेच चाललं. खुर्ची जहागीरदाराची, नाहीतर बिशपाची. बाकी सगळे बाकावर. चिनी माणूस तर कित्येक शतकं चटईवरच बसत होता. साध्या माणसाच्या घरी खुर्ची आली त्याला जेमतेम तीन-चारशे वर्षं झाली."

इथे मास्तरांनी दम घेतला. पुढचे वाक्य होते, 'आणि आज लोकशाहीत खुर्ची सर्वांची झाली आहे.' सगळे भाषण या एका वाक्यासाठी लिहिले होते. पण दम घ्यायची जागा चुकली. तेवढ्यात धाकू गावकर उठून उभा राहिला.

"रवा. पयली खुर्ची देवाची, म्हणालात मा?"

"हो, म्हणजे मिसर देशात…"

"देव खंयचोय आसांदे, देव तो देव! आणि आमी देवीक विचारल्याशिवाय सहा खुर्च्यो हाडून वाळत घातल्यो?"

सुमंगलाबाईने गालांवर बोटे मारून घेतली. फणसुल्यात नवी विहीर खणा, नवा बैल आणा, आधी देवीला नारळ ठेवायचा ही रीत. खुर्च्या सरकारी, त्यात खाणीच्या ट्रकवरून आल्या म्हणून कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते एवढेच. लगेच एक खुर्ची देवळाच्या चौकात नेली. तिच्यावर नारळ ठेवला आणि धाकूने हात जोडून गाऱ्हाणे घातले:

"बाये सातेरी, बारा वाड्यांचे आये! आज तुज्या लेकरांनी सहा खुर्च्यो हाडल्यानी. तुका विचारल्याबिगर हाडल्यानी, ही चूक पदरात घे. जो बसतलो तेका बुद्धी दी, जो बसूचो नाय तेका धीर दी…"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. मास्तरही म्हणाले. मग कौलासाठी देवीला फुलाच्या पाकळ्या लावल्या, उजवी पाकळी पडली म्हणजे होकार मिळाला, आणि पहिली खुर्ची देवीने ठेवून घेतली.

आता हे इथे थांबले असते तरी चालले असते. पाच खुर्च्या उरत होत्या. पण सुमंगलाबाई म्हणाली, "देवीक दिल्यात ता बरा केल्यात. पण राखणदाराचा काय? तो बापडो खांद्यार घोंगडी घेवन सगळ्या गावाभोवती फिरता. तेच्या पायांक इसवटो नको?"

राखणदार म्हणजे रात्री गाव राखणारा देवचार, त्याला नाही म्हणायची कुणाची छाती? मागल्या वर्षी ज्याने त्याचा रोटाचा नैवेद्य चुकवला, त्याचा बैल अजून लंगडत होता. दुसरी खुर्ची राखणदाराला गेली, तिच्यावर घोंगडी आणि काठी ठेवली. मग धाकू म्हणाला की हे गाव ज्याने वसवले त्या मूळपुरुषाला उभे ठेवून आपण बसलो तर पाप लागेल.

"मूळपुरुस म्हणजे तुजोच खापरपणजो मरे!" गोकुळदास शेट उसळला.

"सगळ्यांचो," धाकू शांतपणे म्हणाला. "माजो जरा लागींचो, इतक्याच."

तिसरीवर विडा-सुपारी आली. चौथी साहेबांची, त्याबद्दल दुमत नव्हते. पाचवीशी गाडे अडले, कारण मास्तरांनी भाषणात राजा म्हटले होते आणि राजा कुठून आणायचा?

"राजा आता नसतो," मास्तर कळवळून म्हणाले. "आता सरकार."

"मग सरकाराक एक," बाबलीने निकाल दिला, आणि पाचवीवर शाळेतली भारतमातेची तसबीर टेकवून ठेवली.

राहिली एक खुर्ची आणि पंच सात. गोकुळदासने सहज म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला. धाकूनेही सहजच ठेवला. बघता बघता त्या पाठीवर सात हात झाले आणि एकही हात काही केल्या निघेना. जेवणाची वेळ टळली. शेवटी भुकेने व्याकुळ झालेला बाबली म्हणाला, "कोणच बसा नको! सगळे खाली बसूया, म्हणजे कोण वयर नाय, कोण सकल नाय." दुसऱ्याला मिळत नाही एवढ्या समाधानावर सातही जण कबूल झाले.

"अहो, पण माझं शेवटचं वाक्य राहिलंय!" मास्तर ओरडत होते.

"ता साहेबासमोर सांगा," गोकुळदास म्हणाला आणि जेवायला गेला.

समारंभाच्या दिवशी देवळासमोर घातलेल्या मांडवात सहा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि सगळे गाव, पंचांसकट, चटयांवर बसले होते. खाणीचे मालकही नाइलाजाने खाली बसले होते. ते आयुष्यात प्रथमच जमिनीवर बसत असावेत, कारण पायांचे काय करायचे ते त्यांना सुचत नव्हते. साहेब जीपमधून उतरले आणि रीतीप्रमाणे पहिल्या खुर्चीकडे वळले.

"साहेब, थंय देवी आसा," धाकू म्हणाला.

साहेब दचकून दुसरीकडे सरकले. "थंय राखणदार." तिसरीकडे गेले. "मूळपुरुस." चौथी मोकळी होती. ती तुमचीच, असे गोकुळदासने हात जोडून सांगितले. साहेबांनी तिच्याकडे पाहिले, नारळ पाहिला, घोंगडी पाहिली, तसबीर पाहिली, मग चटईवर मांडी घालून बसलेले सातही पंच पाहिले, आणि पायांतल्या चपला काढल्या.

"सारं गाव खाली आणि मी वर?" ते म्हणाले आणि चटईवर जाऊन बसले.

मास्तर भाषणाला उभे राहिले. मिसर झाला, युरोप झाला, चीन झाला. शेवटचे वाक्य आले आणि समोर पाहतात तर सहाच्या सहा खुर्च्यांवर माणूस एकही नाही. खुर्ची सर्वांची झाली आहे असे आता कोणत्या तोंडाने म्हणायचे? डोळ्यांपुढे होडी आली, लहरी होडीवाला आला, होडीत सत्यवती आली. घामाने डबडबून मास्तर बोलून गेले, "आणि आज… आज आमच्या गावात खुर्ची कोणाचीच नाही!"

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ते स्वतः पाऊण तास बोलले. खुर्चीचा मोह सोडलेले गाव शोधत मी गोमंतकात आलो, ते मला आज सापडले, असे म्हणाले. पंचांना यातले काही कळले नाही, पण तालीम झालेली असल्यामुळे त्यांनी माना बरोबर हलवल्या. जाताना साहेबांनी शाळेच्या वहीत पानभर शेरा लिहिला. त्या दिवशी सत्यवतीने चण्याच्या डाळीचे गोड मणगणे केले, वाटीभर आनंदीमावशीकडे पाठवले, आणि मास्तरांनी तीन वाट्या खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मास्तरांना कायम केले होते. त्यांच्या प्रभावी शिकवणुकीचा लाभ अधिक गरजू जनतेला व्हावा म्हणून त्यांची बदली वाळपईच्या पलीकडे केली होती. तिथल्या एका गावात सरपंच आणि उपसरपंचाने एकमेकांच्या डोक्यात खुर्ची घातली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचे होते. त्याच पाकिटात दुसरे पत्र होते. आदर्श गाव कसे असते ते दाखवायला येत्या बुधवारी साहेब तालुक्यातल्या बारा सरपंचांना घेऊन फणसुल्याला येत होते.

सत्यवतीने हुकूम ऐकला आणि शिंकाळ्यावरची बरणी काढून फडक्यात बांधू लागली. ती भांडली असती तर मास्तरांना बरे वाटले असते. तिचे ते मुकाट्याने बांधाबांध करणे त्यांना बघवेना. ते उठले आणि सरळ देवळाच्या सोप्यावर गेले. तिथे बसून हा पोरांना पाढे शिकवणारा माणूस पंचांसमोर ढसाढसा रडला.

गावाला मास्तर हवे होते. फणसुल्यात अर्ज लिहिणारा, आलेली पत्रे वाचून दाखवणारा आणि पोरांना छडी न मारता शिकवणारा दुसरा कोणी नव्हता. तोंड उघडले ते सुमंगलाबाईने.

"मास्तरांका आमच्या चांगलेपणान व्हरतत," ती म्हणाली. "तर आमच्या वायटपणान रवतले. साहेबाक दाखवया, हंय खुर्चयेर जीव आसा म्हणान."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारले.

"म्हणजे झगडूया. बुधवारी, सगळ्यांसमोर."

कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली. दरसाल जत्रेत दशावतार बघत वाढलेले गाव ते, खोटी लढाई त्यांच्या हातचा मळ. देवीला पाकळ्या लावून खुर्च्या एका दिवसापुरत्या परत मागितल्या आणि तिने उजवा कौल दिला. मास्तरांनी भांडण रीतसर लिहून काढले. गोकुळदास 'ही सरपंचाची खुर्ची' म्हणून बसायला जाणार, बाबली त्याला हळूच ढकलणार, धाकू मूळपुरुषाचा वारसा सांगणार, सुमंगलाबाई रडणार, मग सगळ्यांनी खुर्च्या ओढायच्या. साहेब हतबुद्ध झाले की पडदा. तालमीत गोकुळदासला ढकलताना बाबलीला इतके हसू येई की लढाई पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागे.

बुधवारी पुन्हा तोच मांडव घातला, सहा खुर्च्या मांडल्या आणि साहेब आले. मागोमाग बारा सरपंच उतरले, काही सदऱ्यात, काही कोटात. साहेब त्यांना सांगत होते, "आता बघा हं, इथे खुर्च्या असतील, पण त्यांवर कोणीही…" आणि गोकुळदासने सुरुवात केली. बाबलीने त्याला ढकलले. सगळे ठरल्याप्रमाणे झाले. त्या गडबडीत सुमंगलाबाई पुढे झाली आणि पहिल्या खुर्चीवर बसली.

"बाये, तुका रडूक सांगलेला!" गोकुळदास कुजबुजला.

"बसान रडतंय," ती म्हणाली. पण रडली नाही. पाठ टेकवून तिने हात दोन्ही बाजूंना ठेवले आणि चेहऱ्यावर असे काही सुख पसरले की बाकीच्यांना राहवेना. जन्मभर दाराशी बसलेली बाई होती ती. बाबलीने दुसरी पकडली, धाकूने तिसरी, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरलेल्या तीनही भरल्या. गोकुळदास शेट तेवढा उभा राहिला.

"ही सरपंचाची खुर्ची!" तो ओरडला. वाक्य मास्तरांनी लिहिलेलेच होते, आवाज मात्र लिहिलेला नव्हता.

"सरपंच तू आमच्या मतांन झालंस," धाकू म्हणाला. हे वाक्य कुणीच लिहिले नव्हते. "तुजो आजो रेजिदोराच्या कदेलीसमोर हात जोडून उबो रवतालो, तसो तूंय रव!"

"आणि तुजो आजो ती कदेल पुसतालो!"

मग जे झाले त्याला भांडण म्हणणे म्हणजे भांडणाचा अपमान. तीन पिढ्यांची उणीदुणी निघाली. कुणाच्या बांधावरचा माड, कुणाच्या लग्नात न मिळालेला मान, कुणाच्या गायीने खाल्लेला मळा. गोकुळदासने बाबलीची खुर्ची मागून उचलली, बाबली खुर्चीसकट उचलला गेला तरी सुटेना. नारळ गडगडत मांडवाबाहेर गेला. बाहेरचे बारा सरपंच आधी चकित झाले, मग नीट दिसावे म्हणून सोप्यावर चढले, आणि त्यांतला एक तर न राहवून ओरडला, "पाय धर रे, मागचो पाय धर! आमच्या हंय तसाच करतत!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मास्तर, हे काय?"

मास्तरांना एकच शब्द सुचला. "इतिहास, साहेब."

साहेबांनी खिशातून बदलीच्या हुकमाची प्रत काढली आणि तिथल्या तिथे फाडली. "मी घाई केली," ते खोल आवाजात म्हणाले. "रोग वरवर दबला होता, मुळापासून गेलेला नव्हता. तुमचं काम इथेच अपुरं आहे." जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी नवा हुकूम लिहिला. फणसुले गावातील खुर्चीविषयक तंटा संपूर्ण मिटेपर्यंत सदर शिक्षकास येथून हलवू नये.

जीप वळणावर दिसेनाशी झाली. मास्तरांना सगळ्यांना कडकडून मिठी मारावीशी वाटली. "झालं! गेले साहेब!" ते आनंदाने म्हणाले. "उपकार झाले तुमचे. उठा आता."

कुणी उठले नाही. जो उठेल त्याच्या जागेवर गोकुळदास बसेल हे सहाही जणांना दिसत होते, आणि गोकुळदास तर ओळीभोवती घारीसारखा फिरत होता. दुपारची पेज सहा घरांतून मांडवात आली आणि सहा मांड्यांवर खाल्ली गेली. संध्याकाळी जो तो आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन घरी गेला. धाकू जाताना देवळाकडे तोंड करून म्हणाला, "आये, तुजी सोय दुसरी करतलों." त्यानंतर बैठक असली की प्रत्येक जण घरून खुर्ची घेऊन येई, तिच्यावर बसे आणि तिच्यासकट परत जाई. सरपंच उभा राहून कामकाज चालवी आणि रागाने प्रत्येक ठराव फेटाळी.

वैशाखात सत्यवतीला मुलगी झाली, घरच्या घरी, आनंदीमावशीच्या हातून. मास्तरांना यापेक्षा जास्त काही नको होते. भांडणाची त्यांना लाज वाटे, आणि दर बैठकीला ते खुर्च्या वाटून घ्यायच्या नवनव्या युक्त्या सांगत. कुणी ऐकत नसे.

आषाढातल्या वादळात देवळामागचा जुना फणस पडला. गोकुळदासने त्याच्या फळ्या काढल्या, सुताराला बसवले, आणि चतुर्थीच्या आधी सात माणसे ऐसपैस बसतील असा लांबलचक बाक करून घेतला. सुमंगलाबाईने बाक पाहिला, धाकूने थोपटून पाहिला, बाबलीने टोकाला उड्या मारून पाहिल्या. खुर्च्या शाळेला देऊन टाकाव्या आणि सगळ्यांनी बाकावर बसावे असे ठरले. कित्येक महिन्यांनी पंच एकमेकांशी हसून बोलले. मास्तर ही आनंदाची बातमी घेऊन धावतच घरी आले.

सत्यवती पाळणा हलवत होती. तिने सगळे ऐकून घेतले. "तंटो मिटलो म्हणजे?"

"मिटला! अगदी मुळापासून!"

"आणि हुकमात काय लिवलला?"

मास्तरांचा चेहरा उतरला. ते पाळण्याशी बसले. मुलीने त्यांचे बोट धरले आणि सोडले नाही. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि वाळपईच्या पलीकडच्या नदीला आता केवढे पाणी आले असेल, ते दोघांनाही न बोलता समजत होते.

"जावा," सत्यवती हळूच म्हणाली. "थोडोसो इतिहास सांगून येवा."

मास्तरांनी छत्री घेतली. देवळाच्या छपराखाली सातही पंच नव्या बाकाला नारळ फोडून नुकतेच बसायला निघाले होते. मास्तरांना बघून त्यांनी त्यांना कौतुकाने जवळ बोलावले. मास्तरांनी बाकावरून हात फिरवला, सुताराची तारीफ केली, फणसाचे लाकूड किती वर्षे टिकते ते सांगितले. आवाज अगदी नेहमीचा, वर्गातला होता.

"बाक छानच झालाय," ते म्हणाले. "फक्त मध्ये कोण बसणार?"